पिवळी अरुंधती

“दूर का नंबर तो बचपन का लगता है आंटी. चश्मा कभी लगाया ही नहीं? फिर इतने साल आपने देखा क्या?” डॉक्टर अंकिता हे हसतच म्हणाली आणि जयाही हसली. “जो दिखा वो देखा,” ती म्हणाली. दवाखान्यातल्या दुसऱ्या कुणाचं या बोलण्याकडे लक्षही गेलं नसतं. पण बायकोची पर्स मांडीवर धरून स्टुलावर बसलेल्या नीलकंठला मात्र अंधारात पायरी चुकल्यासारखं झालं. नंबर काढायला ते आलेच नव्हते. रंगपंचमीला शेजारच्या भूपेंद्रच्या बायकोनं प्रेमानं गुलाल फासला, तो जयाच्या डोळ्यात गेला, सकाळी डोळा लाल झाला, एवढंच निमित्त. डोळा धुऊन झाला, थेंब लिहून झाले आणि ‘आलाच आहात तर’ म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यांत वर एकच मोठं अक्षर होतं. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही वाचता आलं असतं एवढं मोठं. जया बराच वेळ गप्प राहिली. नीलकंठला वाटलं, हिंदीत सांगावं की इंग्रजीत या विचारात असेल. मग ती म्हणाली, “कुछ काला-काला है.” एकामागून एक भिंगं बदलत गेली, आणि शेवटी जयानं पाटी वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून दाखवली. शाळेत कविता म्हणतात तशी, जरा खांदे मागे घेऊन. “अंकल, आप भी दिखा लीजिए,” डॉक्टर म्हणाली. “मला काय झालंय?” नीलकंठ म्हणाला, “मैं तो तारे देखता हूं.” हे वाक्य तो गेली कित्येक वर्षं कुठेही, कुणालाही ऐकवायचा. आज ते तोंडातून निघाल्यावर त्याला कसंसंच झालं.

जयाच्या डोळ्यांचं दोन्ही घरांत केवढं कौतुक! साठी जवळ आली तरी चष्मा नाही, दिव्याखाली सुईत दोरा ओवते, तांदळातला खडा तिच्या नजरेतून सुटत नाही. तिच्या नणंदा चष्मे शोधत घरभर फिरायच्या आणि सासूबाई सुनेच्या माहेराचं नाव घेऊन सांगायच्या, ‘धारचं पाणी आहे हो ते.’ आता डॉक्टरनं समजावून सांगितलं की जवळचं दिसत होतं ते लांबचं दिसत नव्हतं म्हणूनच. एकाच नाण्याच्या दोन बाजू. म्हणजे सगळं घर तीसेक वर्षं तिच्या अधूपणाचीच आरती ओवाळत होतं, आणि त्यात सगळ्यांत मोठ्या आवाजात नीलकंठ. बाहेर रस्त्यावर ऊन होतं. भिंतींवर रंगाचे शिंतोडे अजून ओले वाटत होते. चौक ओलांडताना जयानं नेहमीसारखं त्याचं कोपर धरलं. लग्नानंतर पहिल्यांदा इंदूरला राजवाड्यापाशी तिनं ते असंच धरलं होतं, तेव्हा त्याला काय गोड वाटलं होतं! त्या धरण्यावर त्यानं मनातल्या मनात केवढं घर बांधलं होतं. आता पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, गाडी किती लांब आहे ते हिला दिसतच नसणार. त्यानं कोपर किंचित ताठ केलं. ते तिला कळलं की नाही, कुणास ठाऊक.

वीज खात्यात नीलकंठनं उभा जन्म काढला. गल्लीबोळांत दिवे लावत फिरलेला माणूस निवृत्तीच्या जरा आधी अंधाराच्या नादी लागला, याची जयाला फार गंमत वाटायची. ‘आधी गावभर उजेड केला, आता म्हणतात अंधार द्या,’ असं ती पाहुण्यांना सांगे. नाद लागला तो जुन्या कॅमेऱ्यापायी. इंदूरच्या कुणी फोटोग्राफरनं दुकान बंद करताना तो याच्या गळ्यात मारला होता. आधी दारातल्या कण्हेरीवरचे चिमुकले शिंजीर पक्षी झाले, मग पाण्याच्या टाकीवर बसणारा पिंगळा, मग रविवारी सकाळी मीठ्या तलावावरचे बगळे आणि खंड्या, शंकरगडच्या टेकाडावरचा पळस. गावाबाहेर कुठे जायची त्याला कधी ओढ वाटली नाही. लोक वाघ बघायला लांब जंगलात जातात. याला गच्चीवरच्या कुंडीतला नाकतोडाही पुरे. आणि एका संध्याकाळी, असाच काहीतरी चाळा म्हणून त्यानं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून आकाशाकडे वळवला, झाकण बराच वेळ उघडं ठेवलं, आणि मागच्या छोट्या पडद्यावर मृग नक्षत्र उतरलं. ज्या आकाशात त्याला डोळ्यांनी दहा-वीस ठिपके दिसत होते, तिथं पडद्यावर मूठभर बाजरी सांडली होती. “जया, वर ये! लवकर ये!” तो जिन्यातून ओरडला होता. ती कणकेच्या हातानं वर आली होती. तेव्हापासून हे रोजचं झालं. दिवेलागण झाली, टेकरीवरच्या देवीच्या आरतीची घंटा ऐकू आली, की तो तिकाटणं घेऊन गच्चीवर जायचा. “भूपेंद्र, लाइट!” अशी हाक द्यायची, आणि पलीकडून “लो नीलू भिया, आपके तारे,” म्हणत भूपेंद्र गच्चीवरचा भगभगीत दिवा मालवायचा. थोड्या वेळानं जया यायची. चटई टाकायची. शेंगा नाहीतर मटार, काहीतरी सोलायला घेऊन बसायची. तो बोट करायचा, ती मान वर करायची. तो व्याध. दिसला? दिसला. त्या कृत्तिका, सुटीसुटी द्राक्षं असल्यासारख्या. दिसल्या? दिसल्या. मग ती शेंगा सोलायची आणि तो शटर दाबून गप्प उभा राहायचा. त्या गप्पपणात त्याला जे मिळे, त्याला तो सुख म्हणत असे. साधा शब्द आहे, पण दुसरा त्याला सापडला नव्हता. नोकरीत नाही, देवळात नाही, लेक उर्वी जन्मली त्या दिवशीसुद्धा काळजीच जास्त होती. पण गच्चीवर, शेजारी शेंगांचा टचटच आवाज होत असताना, वरती एवढं सगळं पसरलेलं आणि ते दोघांना मिळून दिसतंय, या जाणिवेनं त्याचं पोट भरल्यासारखं व्हायचं. दोघांना मिळून. तेच तर सगळं होतं. आणि आता तेच नव्हतं, असं डॉक्टरीणबाई हसत हसत म्हणाली होती.

चष्मा तयार व्हायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात नीलकंठ गच्चीवर गेला नाही. पाठ दुखते म्हणाला. पाठ दुखत नव्हती. पण खोटं बोललो याचंही त्याला फार काही वाटलं नाही. उलट, आता जरा आपणही खोटं बोलू, असा एक कोता विचार मनात येऊन गेला. झोपायच्या खोलीत तो पडून राहायचा. खिडकीतून लांब डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे तांबडे दिवे दिसायचे. हल्ली त्या दिव्यांना झालर आल्यासारखी दिसे; हे नवे दिवेच असले निघालेत, असं त्या खात्यातला माणूस या नात्यानं तो ठामपणे सांगायचा. पडल्या पडल्या त्याला जुन्या संध्याकाळी आठवत. एकेक ‘दिसला’ आठवे आणि तो खरा की खोटा ते तपासावं लागे. त्या धूमकेतूच्या वेळी? आपण नाचायचेच बाकी होतो आणि ती ‘केवढं शेपूट!’ म्हणाली होती. शेपटाचं तिला कळलं कसं? आपणच आधी म्हणालो असू. गुरूचे चंद्र दाखवायला दुर्बीण उसनी आणली होती तेव्हा तिनं डोळा लावला, म्हणाली, ‘छान आहेत.’ किती आहेत, हे आपण विचारलं नव्हतं. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी बांधलेला गडी मध्येच हात पसरून उभा राहायचा आणि बाकीचे पाय न वाजवता घरी जेवायला पळायचे. एकदा त्याच्यावर ती पाळी आली होती. पट्टी सोडली तर चौकात कुणी नाही, नुसतं ऊन. तसलं काहीतरी त्याला त्या आठवड्यात वाटत राहिलं. जयाला मात्र कशाचाच पत्ता नसल्यासारखा. तिचं मजेत चाललं होतं. उर्वीचा इंदूरहून फोन आला, तिला तिनं सगळं रंगवून सांगितलं. “आई, तू इतने साल बिना चष्म्याची फिरत होतीस? ॲक्सिडेंट झाला असता ना यार!” उर्वी ओरडली, ते पलंगापर्यंत ऐकू आलं. “फ्रेम कोणती घेतलीस? फोटो भेज पहिले.”

शेवटी त्याला राहवलं नाही. दुपारी जया मेथी निवडत होती. जुडी अगदी डोळ्यांजवळ धरून निवडायची तिची सवय होती, ती आज त्याला नव्यानं दिसली. “तुला माहीत होतं?” त्यानं विचारलं. “काय?” “की दिसत नाही.” तिनं पानं खुडणं थांबवलं नाही. “माहीत म्हणजे, शाळेत फळा दिसायचा नाही. शेजारच्या मुलीचं बघून लिहायचे. आईला सांगितलं एकदा. ती म्हणाली, ‘बोलू नकोस कुठे. चष्मेवाल्या मुलीला करतं कोण?’ मग नाही बोलले.” पार्वतीबाई, जयाची आई, धारला सरदारांच्या वाड्यांच्या ओळीत राहणारी, पाच मुलींची आई. तिचा तो दबका आवाज नीलकंठला स्पष्ट ऐकू आला. पाचपैकी ही मधली. बघायला गेलो तेव्हा ही मान खाली घालून बसली होती आणि बापूसाहेब, म्हणजे आपले वडील, घरी येऊन म्हणाले होते, ‘मुलगी विनयशील आहे.’ “आणि नंतर?” तो म्हणाला, “लग्नानंतर? मला सांगायला काय झालं होतं?” “नंतर सवयच झाली हो. लोक चालण्यावरून ओळखू येतात. तुम्ही तर खोकण्यावरूनसुद्धा.” “आणि गच्चीवर? मी दाखवायचो, तू दिसलं म्हणायचीस.” आता तिनं मेथी खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं, म्हणजे त्याच्या दिशेनं बघितलं, असं आता म्हणायला हवं. “तुम्ही विचारायचात ‘दिसला ना?’ दिसला ना म्हटल्यावर माणूस काय म्हणणार? काय दिसतं, असं तुम्ही कधी विचारलंच नाही.” आणि ती कढईत तेल टाकायला उठली.  नीलकंठला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

त्यांचं लग्न मार्गशीर्षात झालं, धारला, तलावाच्या काठच्या धर्मशाळेत, गोरज मुहूर्तावर. थंडी मरणाची होती. सप्तपदी आटोपल्यावर गुरुजींनी दोघांना अंगणाच्या उत्तरेकडच्या दारात उभं केलं. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाच्या शेजारी अगदी बारीक अरुंधती असते. नव्या नवरा-नवरीला ती दाखवतात, तिच्यासारखं एकमेकांजवळ राहा म्हणून. या घराण्यांनी बाकी पुष्कळ सोडलं, पण हे सोडलं नाही. गुरुजींनी पाण्यापलीकडे बोट केलं. “दिसली का अरुंधती?” नीलकंठनं बघितलं. काळोख, धुकं, पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी घराचा दिवा. तारा एकही नव्हता. मागे आत्याबाई कुजबुजत होती की दिसली म्हणा रे, ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिने काढत नाही. “दिसली,” नीलकंठ म्हणाला. “दिसली,” जया म्हणाली. गुरुजी पुढच्या विधीला लागले. पुढे कैक वर्षांनी आकाशाचं वेड लागल्यावर त्यानं मोबाइलमध्ये त्या तारखेचं, त्या वेळेचं धारचं आकाश काढून बघितलं, आणि पोट धरधरून हसला. मार्गशीर्षातल्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाच्या खाली असतात! अरुंधती दिसायचा प्रश्नच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या थंडीतल्या लग्नांत सगळा माळवा न उगवलेल्या ताऱ्याला ‘दिसली’ म्हणत आलाय. त्यानं गच्चीवर जयाला ते साग्रसंगीत सांगितलं. “आपण दोघं लग्नाच्या मांडवातच खोटं बोललो, जया!” त्याला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. “मला दिसली होती,” ती म्हणाली. “कशी दिसेल? उगवलीच नव्हती.” “मला दिसली होती. पिवळी होती.” पांढरीशुभ्र अरुंधती आणि पिवळी! हा विनोद त्यानं नंतर पुष्कळांना सांगितला. बायकांना आकाशातलं कळत नाही, या सदरात तो खपायचा, आणि लोक हसायचे. जया चहा देऊन आत जायची. आता पलंगावर पडल्या पडल्या त्याला ते अंगण पुन्हा दिसायला लागलं, पण या खेपेला तिच्या डोळ्यांनी. थंडी. कपाळावर मुंडावळ्या. सगळं धूसर. आणि गुरुजींच्या बोटाच्या टोकाशी, पाण्यावर, मोठा मऊ पिवळा उजेड. तो कुणाच्या स्वयंपाकघरातला दिवा होता हे तिला कोण सांगणार? दाखवली ती तिला दिसली होती. ‘दिसली’ असं ती म्हणाली ते खरंच होतं. अंगणात खोटं बोलला होता तो एकटाच, चांगल्या डोळ्यांचा. तो कुशीवर वळला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपल्याला लाज वाटतेय.

दुसऱ्या दिवशी तो संगणक उघडून जुने फोटो बघत बसला. काही शोधायचं असं ठरवलेलं नव्हतं. हळद्या पक्ष्याचा तो फोटो आला, शंकरगडच्या बाभळीतला, ज्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. त्या सकाळी तो झाडाकडे पाठ करून उभा होता आणि जया म्हणाली होती, ‘तिकडे, मधल्या फांदीत.’ त्याला वाटायचं काय नजर आहे हिची! आता कळलं, ती नजर नव्हती. हळद्या आधी शीळ घालतो. ती कान देऊन बसलेली असायची आणि हा भिंग पुसत असायचा. पिंगळ्याची पिल्लं तिनंच शोधली, खंड्या पाण्यात सूर मारायच्या आधी तिनंच ‘आता बघा’ म्हटलं. त्याच्या निम्म्या चांगल्या फोटोंना तिचे कान लागले होते. तो उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि माठापाशी थबकला. ओट्यावरच्या भिंतीला एक फोटो टांगलेला होता, रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे न दिसणारा. मृगाचाच होता, पण फसलेला. पहिल्याच थंडीत कधीतरी भिंग नीट न जुळवता काढलेला. ताऱ्यांचे ठिपके व्हायच्या ऐवजी मोठमोठ्या चकत्या आल्या होत्या, एकमेकींत कडा मिसळलेल्या. काक्षी ताऱ्याची तांबूस, राजन्य ताऱ्याची निळसर, मधल्या तीन चांदण्यांची पांढुरकी. तो हा फोटो पुसून टाकत होता. मागून जया वाकून बघत होती. ‘हा नका पुसू,’ ती म्हणाली होती, ‘हा बरोबर आलाय.’ ‘बरोबर? अगं हा फसलाय.’ ‘नाही हो. हाच बरोबर आलाय. बाकीच्यांत नुसती टिंबं येतात.’ हट्टानं तिनं तो मोठा करून घेतला, चौकट करवली आणि इथं लावला. बाहेरच्या खोलीत त्याचे स्पर्धांना पाठवलेले फोटो होते, त्यांतल्या एकाचीही तिनं कधी चौकट करवली नव्हती. यावरही त्यानं विनोद केलेच होते. माठावरचा पेला हातात धरून तो त्या चकत्यांसमोर उभा राहिला.  काय दिसतं ते तिनं सांगितलं होतं. भिंतीवर टांगून सांगितलं होतं, रोज भाकरी थापताना दिसेल अशा जागी. ती सोबत नव्हती असं नाही. ती गच्चीवर होती, दुसऱ्याच आकाशाखाली, तेवढ्याच आनंदात. पण आता चष्मा येणार. मग ते आकाश जाणार आणि तिला नीलकंठची टिंबं बघावी लागणार. आणि नाही आवडली तर? त्याची भीती आता दुसरीच झाली होती.

चष्मा आला त्या संध्याकाळी पाठदुखी आपोआप बरी झाली. तो आधी वर गेला. “भूपेंद्र, लाइट!” “भिया, इतने दिन कहां थे? तारे तो रोज आ रहे थे,” म्हणत भूपेंद्रनं दिवा मालवला. जया जिना चढून आली. आज हातात काही सोलायला नव्हतं. तपकिरी चौकटीचा चष्मा नाकावर नवा नवा बसलेला. पायऱ्या खोल वाटतात म्हणून ती जपून पाऊल टाकत होती. आल्याबरोबर तिनं आकाशाकडे बघितलंच नाही. चहूकडे बघितलं. “अगं बाई, टेकरीच्या पायऱ्यांवर माणसं दिसतात! आणि भूपेंद्रच्या गच्चीवर केवढं भंगार आहे हो!” मग तिनं जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे बघितलं. जवळचं तर तिला नेहमीच दिसत होतं. पण हातभर अंतरावरून हा कसा दिसतो हे बहुधा आज पहिल्यांदाच बघत होती. “लांबून तुम्ही बापूसाहेबांसारखे दिसता,” ती म्हणाली. त्याला हसू आलं नाही. तो वाट बघत होता. शेवटी तिनं मान वर केली. मृग पश्चिमेकडे कलला होता, डोक्यावर पुनर्वसूची जोडी होती.  “एवढेसे?” मग ती म्हणाली. “इतके बारके असतात?” नीलकंठनं तिच्या तोंडाकडे बघितलं. “टाचणीनं टोचल्यासारखे,” ती म्हणाली. “मला वाटायचं जवळ आहेत. गच्चीच्या जरा वर. तुम्ही लांब लांब म्हणायचात, मला वाटायचं बढाई मारतात.”  तिनं चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली केला, पुन्हा वर केला. आपलं आणि याचं, दोन्ही ताडून बघत असावी. वारा पडला होता. खालच्या घरात कुणी फोडणी दिली, तिचा वास वर आला. “पण किती आहेत हो,” थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली. “मधल्या जागेतसुद्धा आहेत. मला मधली जागा रिकामीच वाटायची.” आणि तिनं चटई न टाकताच तशीच बसकण मारली.

नीलकंठला हायसं वाटलं.  मग त्यानं तिला एकेक दाखवायला सुरुवात केली, पण आज ‘दिसला ना’ म्हणाला नाही. नुसतं बोट करायचा आणि थांबायचा. ती सांगायची. रंग सांगायची, कोण कुणाच्या जवळ आहे ते सांगायची. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते, उताणा पडलेला पतंग नुकता उचलावा तसे. त्यानं शेपटीतला मधला तारा दाखवला. “हा वसिष्ठ.” ती बघत राहिली. “हा? आणि याच्या अंगाला लागून ही बारकीशी, वरच्या बाजूला?” ती म्हणाली. “अहो, ही अरुंधती? हीच ना?” तिचा आवाज एकदम वर चढला होता, मांडवातल्या मुलीचा असावा तसा. नीलकंठनं बघितलं. वसिष्ठ होता. त्याच्याभोवती एक बारीक झालर होती, पवनचक्क्यांच्या दिव्यांना असते तशी. त्यापलीकडे काही नव्हतं. त्यानं डोळे मिटले, उघडले. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. आपण ती शेवटची केव्हा बघितली? रोजच बघत होतो, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर, मोठी करून, वाचायचा चष्मा लावून. नुसत्या डोळ्यांनी बघायची वेळच आली नव्हती. बघायचं काम कॅमेरा करत होता आणि तो नुसता आनंद करत होता. आत्याबाईची कुजबुज त्याला मानेपाशी ऐकू आली, सहा महिने काढत नाही. तो असल्या गोष्टी मानणारा नव्हता, पण अंगावर काटा यायला मानावं लागत नाही. “दिसते ना?” जयानं विचारलं. तिचं तोंड वर होतं. इतकी खूश ती कितीतरी वर्षांत झाली नव्हती. आज या घडीला तिला सांगायचं, की तू आलीस तेव्हा मी निघालो? “दिसली,” तो म्हणाला.

जयानं मान खाली केली. उठून त्याच्याकडे वळली. “मांडवात म्हणाला होतात ना,” ती म्हणाली, “अगदी तस्सं म्हणालात.” “तस्सं म्हणजे?” “म्हणजे घाईघाईनं. तेव्हाच मला कळलं होतं, यांना काही दिसलेलं नाही. डोळे नव्हते, कान होते ना मला.” आकाशात एक विमान इंदूरच्या दिशेनं खाली उतरत होतं. नीलकंठ कठड्याला टेकला. इतकी वर्षं! पिवळी अरुंधती म्हणून तो तिला चारचौघांत हसत होता आणि ती चहा देऊन आत जात होती, हे मनात ठेवून. “नाही दिसत,” शेवटी तो म्हणाला. “एकच दिसतो. तोही धड नाही. आत्याबाई म्हणायची...” “ठाऊक आहे आत्याबाई काय म्हणायच्या. मी नाही जगले इतकी वर्षं? चांगली खाऊनपिऊन जगले. मोतीबिंदू असेल. उद्या अंकिताबाईंकडे जाऊ, मी पर्स धरून बसते.” ती हसत होती. मग काय मनात आलं तिच्या, तिनं आपला चष्मा काढला आणि त्याच्या नाकावर चढवला. दांड्या कानांमागे नीट बसवल्या, लहान पोराला टोपी घालावी तशा. “अगं, हा तुझ्या नंबरचा,” तो म्हणाला. “असू दे. बघा तर.”

त्यानं वर बघितलं. टिंबं गेली होती. एकूण एक तारा फुगून चकती झाला होता, मोठी, मऊ, कडा विरघळलेली. काक्षीची तांबूस, व्याधाची निळी, सप्तर्षींच्या तर एकमेकींना लागत होत्या, आणि सगळ्या खाली, गच्चीच्या जरा वर, हात लांबवला तर लागतील अशा. स्वयंपाकघरातला फोटो. त्याच्या शेजारी जया उघड्या डोळ्यांनी वर बघत उभी होती. दोघांना आता एकसारखंच दिसत होतं. टेकरीवरची घंटा वाजली. लांब कुणाच्या तरी गच्चीवर पिवळा दिवा लागला आणि तोही त्या चकत्यांमध्ये जाऊन बसला. नीलकंठनं तिचं कोपर धरलं.

“काय दिसतं?” जयानं विचारलं.

तो तिला सांगायला लागला.